झाडाला झाडच राहू द्या

सुट्टीच्या दिवशी चार-पाच मित्र फासे घेऊन बसतात. एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीत जीव मुठीत धरून वावरतात. माझं सांगणं आहे ते या गोष्ट चालवणाऱ्याला. तुमच्या भयकथेत राक्षसी झाड आणायचं असेल तर जरूर आणा, पण त्याला पाय फोडू नका आणि दात लावू नका.

मी स्वतः पहिल्यांदा झाड आणलं तेव्हा त्याच्या फांद्या चाबकासारख्या फिरवल्या. खेळाडूंनी तलवारी उपसल्या, फासे टाकले आणि दहा मिनिटांत झाड तोडून पुढे निघाले. घाबरलं कोणीच नाही. झाडाऐवजी अस्वल असतं तरी खेळ तसाच झाला असता.

तुम्ही म्हणाल, जॉन विंडमच्या १९५१च्या कादंबरीतले ट्रिफिड तर चालतात. चालतात खरे, पण खुरडत. विंडमने आधी माणसांची दृष्टी काढून घेतली, तेव्हा कुठे त्या झाडांची सत्ता आली. शिवाय ती झाडं माणसांनीच तेलासाठी मळे करून वाढवली होती. ब्लॅकवूडच्या १९०७च्या ‘द विलोज’ या कथेत तर डॅन्यूब नदीतल्या बेटावर दोघे जण मुक्काम करतात आणि सकाळी एकाला वाटतं, ही झुडपं काल इतकी जवळ नव्हती. एवढ्यानेच वाचणाऱ्याच्या पाठीतून शिरशिरी जाते. झाड हलताना दाखवू नका. हललेलं दाखवा.

त्यासाठी खेळातल्या राक्षसांच्या जाड पुस्तकाआधी आपल्याकडचं कुंपण नीट पाहा. बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पडलेलं असतं ना, ती अमरवेल. तिला पानं नसतात म्हटलं तरी चालेल. बी रुजल्यावर ती आधाराचं झाड शोधते, त्याला विळखा घालते, त्याच्या सालीत शोषकं खुपसते आणि मग तिचं स्वतःचं मूळ वाळून जातं. जमिनीशी नातं संपलं, आता सगळं जगणं दुसऱ्याच्या रसावर. ती सावज शोधते कशी, तर वासाने. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की तिच्या एका जातीचं रोप टोमॅटोच्या नुसत्या वासाकडेही वळत वाढतं. यापेक्षा भयंकर प्राणी कल्पनेतून काढायची गरजच काय?

आणि हिची खरी मेख पुढे आहे. अमरवेल तोडून फेकली, तर तिचा तुकडा नव्या झाडावर पडून पुन्हा जगू शकतो. हे खेळात असं वापरा. ओसाड वाड्यामागे पिवळं जाळं आहे. खेळाडू कोयते चालवणारच. चालवू द्या, फासेही टाकू द्या, त्यांना जिंकल्याचं समाधान मिळू द्या. तुम्ही फक्त वहीत लिहून ठेवा, कोणता तुकडा कुठे पडला, कोणाच्या घोंगडीला चिकटून गेला. मग खेळातले चार दिवस जाऊ द्या. विहिरीच्या रहाटावर एक पिवळा दोरा. गोठ्यातली गाय उठत नाही. आता खेळाडूंना आपणच काय केलं ते उमगतं. ‘कॉल ऑफ क्थुलू’ खेळत असाल तर मनोधैर्याचे गुण कमी करायची वेळ ही. झाड पहिल्यांदा दिसलं तेव्हाची नव्हे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला शँबलिंग माउंड हा दलदलीतला पाल्याचा ढीग चालतो, तरी मला तो आवडतो. त्याच्यावर वीज सोडली तर तो मरण्याऐवजी बळावतो. वार करणाऱ्याचं शस्त्रच त्याचं खत होतं. त्याच खेळातली यलो मस्क क्रीपर ही वेल मात्र माणसाच्या डोक्यात मुळं घालते. असलं काही आणण्याआधी मित्रांना विचारा. शरीरातून कोंब फुटल्याचं वर्णन एखाद्याला खरंच सहन होत नाही, आणि त्याने कारण सांगायलाच हवं असं नाही.

आणखी एक कळकळीचं सांगणं. १८७४ मध्ये न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्राने मादागास्करमधल्या माणूसखाऊ झाडाची बातमी छापली. एक जमात त्या झाडाला बाईचा बळी देते, असं त्यात होतं. झाड खोटं होतं, जमातही खोटी होती, पण तो मजकूर पुढे कित्येक वर्षं फिरत राहिला आणि एका खऱ्या देशातल्या माणसांवर क्रौर्याचा डाग लावत राहिला. आपल्याकडे हाच मोह देवराईच्या बाबतीत होतो. दाट राई, आत देव, बाहेर अबोल गाव, मग गावकरी नरबळी देणारे दाखवले की गोष्ट तयार. कृपा करून हे करू नका. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना तिथे जुनं जंगल टिकलेलं दिसलं. ते टिकलं कारण गावाने देवाच्या धाकाने कुऱ्हाड आवरली. अनेक राया अशा, की तिथलं पडलेलं लाकूडही कोणी घरी नेत नाही. या माणसांना राक्षसाचे चाकर बनवणं अन्यायाचं आहे, आणि त्यात भयही उरत नाही.

त्यापेक्षा राईच्या तोंडाशी एक म्हातारा गुरव बसवा. तो खेळाडूंना चहा देईल आणि एवढंच सांगेल, आतलं काही बाहेर आणू नका बाबांनो. आत गारंबीचा अजस्र वेल असेल, हातभर लांब शेंगा आणि त्यांतल्या तपकिरी, गुळगुळीत, चपट्या बिया. खेळाडूंपैकी कोणीतरी एक बी खिशात टाकेलच. तुम्ही काही बोलू नका. तो गावाकडे परतेल, ओला सदरा खुंटीला टांगेल, झोपेल. सकाळी बीचं कवच तडकलेलं असू द्या.