जोडीला एक आणा म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. विषय कुत्र्यांचा आहे, पण ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनीही वाचा. फुकटचे सल्ले देण्यात तेच पुढे असतात! (मावशी, तुझ्याबद्दल नाही गं. बरं, थोडंसं तुझ्याबद्दलच.)

आमची चिंगी घाबरट आहे. जात गावठी, वय ६, मुक्काम मुलुंड पूर्व. कुकरची शिट्टी झाली की दिवाणाखाली. दिवाळी आणि विसर्जनाचे ढोल यांबद्दल तर बोलायलाच नको. आम्ही दोघं कामाला निघालो की दाराशी बसून कुंई कुंई करते. आणि यावर समस्त नातेवाईक, शेजारी आणि लिफ्टमध्ये भेटणारे काका यांचा एकच उपाय, "एकटी पडते बिचारी, जोडीला एक आणा. भीती पळून जाईल."

कशी पळेल? तिला माणूस जाण्याची भीती वाटते. घरात दुसरं कुत्रं असलं तरी माणूस जातोच. म्हणजे मूळ दुखणं तसंच राहतं, वर एक चावरं, उड्या मारणारं, शेपटीला लोंबकळणारं पिल्लू. भित्र्या कुत्र्याला हा जोडीदार वाटत नाही, घुसखोर वाटतो. उलट पिल्लू मोठ्याचं बघून शिकतं. दाराची बेल वाजल्यावर मोठं थरथरलं, की काही दिवसांनी धाकटंही थरथरतं. एका घाबरटाचे दोन झाले. घ्या जोडी!

आता तुम्ही म्हणाल, मग तुमच्याकडे पिल्लू कसं? तर गेल्या जुलैत बिल्डिंगखालची कुत्री गाडीखाली गेली आणि तिचं दोन महिन्यांचं पिल्लू भर पावसात मीटरच्या खोलीशी बसलेलं दिसलं. ते आणलं ते त्याच्यासाठी. चिंगीच्या भीतीवर औषध म्हणून नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे.

पिल्लू आल्यावर सल्ल्यांचा दुसरा हप्ता सुरू झाला. "सोडा दोघांना एकत्र, त्यांचं ते बघून घेतील. दादा कोण ते ठरलं की शांत होतील." या दादागिरीच्या कल्पनेचा उगम ठाऊक आहे? १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या, एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास लिहिला. १९७० मध्ये डेव्हिड मीच यांच्या पुस्तकाने ती कल्पना घरोघरी पोचवली. मग त्याच मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पोरं, म्हणजे साधं कुटुंब! त्यांनी मत दुरुस्त केलं, आपले लिफ्टमधले काका अजून १९७० सालातच आहेत.

तिसरा सल्ला सर्वांत घातक. "गुरगुरली तर द्या एक फटका." अहो, गुरगुरणं म्हणजे तिचं "जरा सरक रे बाबा" आहे. त्याआधी तिने मान वळवलेली असते, ओठ चाटलेले असतात, उगाच जांभई दिलेली असते. ते कुणी पाहिलं नाही म्हणून ती गुरगुरली. फटका मारून भीती जात नाही, फक्त सूचना देणं बंद होतं. मग एक दिवस ती न सांगता चावते आणि आपण म्हणतो, "अचानकच चावली हो!"

आमची जागा ४०० चौरस फूट, तेव्हा बंगला असलेल्यांनाच हे जमतं असं म्हणू नका. आधी पिल्लाचं अंग पुसलेलं फडकं चिंगीपासून चार हात लांब ठेवलं. पहिली भेट घराबाहेर, गच्चीवर. पिल्लाची पार्व्होची इंजेक्शनं पूर्ण व्हायची होती (साधारण १६ आठवड्यांपर्यंत ती चालतात), म्हणून त्याला रस्त्यावर न सोडता कडेवरच ठेवलं. घरात लहान मुलांसाठी दारात लावतात तसलं फाटक लावलं. बाहेर पिल्लू, आत चिंगी. जेवण वेगळ्या खोल्यांत. दिवाणाखालचा मुलूख फक्त चिंगीचा, पिल्लाला तिथे प्रवेशबंदी. तिची सकाळची फेरी पूर्वीसारखीच, एकटीची. आणि पिल्लू जवळ आलं की तिला चिकनचा तुकडा, म्हणजे "हा आला की काहीतरी चांगलं होतं" हे तिच्या डोक्यात बसावं. फाटक काढायला सात आठवडे लागले. आजही आम्ही बाहेर पडलो की दोघं वेगवेगळ्या खोलीत असतात.

"कुत्र्यासाठी एवढं? इथे माणसांना जागा नाही!" हेही ऐकलं. मान्य, काही कुत्री दोन दिवसांत गळ्यात गळे घालतात. पण जमलं नाही तर काय होतं? कुणाला तरी टाके पडतात आणि दोघांपैकी एकाला "फार्महाऊसवर सोडलं" असं मुलांना सांगितलं जातं. सहसा जुनं, घाबरट जातं, कारण पिल्लू गोंडस असतं. सात आठवड्यांचं फाटक यापेक्षा स्वस्त आहे.

खरं सांगू? बऱ्याचदा जोडीदार कुत्र्याला नको असतो, आपल्याला हवा असतो. सकाळी लोकल पकडून रात्री परतणाऱ्यांना मनातली टोचणी कमी करायची असते. त्यापेक्षा दुपारी फिरवायला कुणी माणूस ठेवा, एकटं राहायची सवय पाच-पाच मिनिटांनी वाढवा, भीती फारच असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा, औषधंही असतात. हे सगळं करायला वेळ नसेल, तर दुसऱ्या कुत्र्यासाठी तो कुठून आणणार?

असो. पटत नसेल त्यांनी रविवारी घरी यावं, चहा पिता पिता भांडू. फक्त बेल वाजवू नका, खालून फोन करा.