विश्लेषण : भरपूर गुण मिळवणारा चढाईपटू संघाला महाग का पडतो?

प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांची बोली लावली. संघ उभारायला प्रत्येक फ्रँचायझीच्या हाती होते ५ कोटी. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एकट्यावर. पवनने त्या हंगामात चढाईचे २०२ गुण मिळवले. खेळाडू म्हणून तो अपयशी ठरला, असे कोणी म्हणू शकत नाही. टायटन्सने मात्र २२ पैकी जेमतेम २ सामने जिंकले आणि गुणतक्त्यात तळ गाठला.

मग पैसे कशाचे मोजले? गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यात हा प्रश्न टीव्हीपुरता नाही. भातकापणी उरकली की गावोगावी मैदाने आखली जातात, रात्रीचे सामने रंगतात आणि प्रत्येक संघात एक जण असतोच, ज्याला सगळ्या चढाया स्वत:च करायच्या असतात. त्याला आवरायचे की मोकळे सोडायचे, हा वाद मैदानाच्या कडेला बसलेल्यांना नवा नाही. लिलावात त्याच वादाला कोटींची किंमत येते.

गुण दिसतात, खर्च दिसत नाही

गुणफलकावर चढाईपटूने मिळवलेले गुण दिसतात. ते मिळवताना त्याने किती गमावले, हे दिसत नाही. चढाईपटू पकडला गेला की तीन गोष्टी एकाच वेळी घडतात : प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, त्यांचा बाद झालेला एक खेळाडू मैदानात परततो आणि आपला मुख्य चढाईपटू बाहेर बसतो. समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर ती ‘अव्वल पकड’ ठरते आणि प्रतिस्पर्ध्याला एकाऐवजी दोन गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्यावर लोण चढवायला एखाददुसरा गडी उरलेला असताना उतावळेपणाने केलेली चढाई म्हणूनच सर्वात महाग पडते. हाताशी आलेले लोणाचे दोन जादा गुण जातात ते वेगळेच.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका चढाईपटूने २० चढायांत ११ गुण मिळवले, पण तो ७ वेळा पकडला गेला आणि त्यातल्या २ अव्वल पकडी होत्या. प्रतिस्पर्ध्याला त्याने ९ गुण दिले. निव्वळ कमाई २. दुसऱ्याने १२ चढायांत ७ गुण मिळवले आणि तो एकदाच पकडला गेला. त्याची निव्वळ कमाई ६. दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा पहिल्याचा असतो, कारण ‘सुपर टेन’ त्याच्या नावावर असतो.

यात बोनसची मेखही आहे. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडली की गुण मिळतो, पण त्या गुणावर आपला बाद खेळाडू परतत नाही. बोनसवर आकडा फुगवणारा चढाईपटू आणि कोपरारक्षकाला टिपून आणणारा चढाईपटू यांचे गुण कागदावर सारखे दिसतात. मैदानावरचा त्यांचा परिणाम सारखा नसतो.

तेच गुण, वेगळा निकाल

कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईचे उदाहरण महाराष्ट्राच्या जवळचे. सहाव्या हंगामात, २०१८ मध्ये, यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले. पदार्पणातच त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले आणि संघ बाद फेरीत पोहोचला. पुढच्याच लिलावात टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. तिथे २२ सामन्यांत त्याचे गुण झाले २१७. फरक एका गुणाचा, पण टायटन्स १२ संघांत अकराव्या स्थानी राहिले.

सिद्धार्थचा खेळ खालावला नव्हता. बदलला होता त्याच्या मागचा बचाव. यू मुंबात कर्णधार फझल अत्राचली डाव्या कोपऱ्यात उभा होता. त्याच्यावरही संघाने १ कोटी खर्च केले होते. सिद्धार्थ बाद झाला तरी पुढच्या पकडीवर तो परत येई. बचाव ढिला असलेल्या संघात बाद झालेला चढाईपटू बाकावर ताटकळतो आणि आत उरलेल्यांवर लोण चढते. टायटन्सने गुण विकत घेतले. ते गुण ज्या रचनेतून आले होते, ती मुंबईतच राहिली. पुढे दुखापतीने सिद्धार्थला आठव्या हंगामात तीनच सामने खेळता आले. त्याचा बाजारभाव त्यानंतर १ कोटीपर्यंत चढून २०२४ च्या लिलावात २६ लाखांवर आला.

तारा गेला आणि संघ सुधारला

परदीप नरवालने सातव्या हंगामात पाटणा पायरेट्ससाठी चढाईचे ३०२ गुण मिळवले. संघ आठवा आला. २०२१ मध्ये पाटण्याने त्याला कायम ठेवले नाही. यूपी योद्धाने तेव्हाच्या विक्रमी १ कोटी ६५ लाखांना त्याला घेतले. पाटण्यावर टीका झाली. पण मोनू गोयत, सचिन तन्वर, गुमान सिंग यांच्यात चढाया वाटून आणि मोहम्मदरेझा शादलूच्या बचावावर भिस्त ठेवून पाटणा साखळीत अव्वल ठरला आणि अंतिम सामना दबंग दिल्लीकडून ३६-३७ असा एका गुणाने हरला.

त्याच्या पुढच्या मोसमात तमिळ थलैवाजने पवनसाठी २ कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो मोसमाबाहेर गेला. संघ कोसळेल असे वाटत असताना नवख्या नरेंदरने चढाईची धुरा उचलली आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले.

बास्केटबॉलमधला जुना वाद

अमेरिकेच्या एनबीएत या वादाचे ठळक नाव अ‍ॅलन आयव्हरसन. २०००-०१ च्या मोसमात फिलाडेल्फियाच्या या गार्डने सामन्यामागे ३१.१ गुण मिळवले, पण बास्केटच्या दिशेने मारलेल्या दर १०० चेंडूंपैकी ४२ च आत गेले. तरीही तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला, कारण बाकी संघ बचावासाठीच बांधलेला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये डेन्व्हरने त्याला डेट्रॉइटला देऊन चॉन्सी बिलप्स हा कमी गुणांचा, पण खेळ जुळवणारा गार्ड घेतला. त्या मोसमात डेन्व्हर पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गेले. आधीच्या वर्षी ५९ सामने जिंकलेले डेट्रॉइट ३९ वर आले.

मग बोली लावणारे चुकतात का?

नेहमीच नाही. पाचव्या हंगामात परदीपचे ३६९ गुण होते आणि विजेतेपदही पाटण्याचेच होते. सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पवनने एकट्याने २२ गुण मिळवून बेंगळूरु बुल्सला जिंकून दिले. शिवाय टक्केवारीकडे पाहताना एक अन्याय होतो. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’ची. तिच्यात गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद. ही अवघड चढाई बहुतेक संघ मुख्य खेळाडूच्याच गळ्यात घालतात. दुसरा चढाईपटू सोप्या वेळी जातो आणि त्याचा यशाचा टक्का सुंदर दिसतो. त्यालाच रोज २० चढाया दिल्या तर तो टक्का टिकेल, याची खात्री कोणी देत नाही.

प्रेक्षकांचा भागही आहेच. तिकीट पकडीपेक्षा चढाईवर खपते. टायटन्सच्या व्यवस्थापनाने हे गणित मांडले असेल, तर ते व्यवसाय म्हणून समजण्यासारखे आहे. खेळ म्हणून ते फसले, एवढेच.

पुणेरीने काय केले?

टायटन्स तळाला असताना, त्याच दहाव्या हंगामात पुणेरी पलटणनेही मोठी बोली लावली होती. २ कोटी ३५ लाखांची, पण बचावपटू शादलूवर. हंगामातल्या पहिल्या पाच चढाईपटूंत पुण्याचा एकही नव्हता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांनी चढाया वाटून घेतल्या. एक जण बंद पडला की दुसरा जाई. कोणाला रोखायचे, हे प्रतिस्पर्ध्याला आधी ठरवता येत नसे. पुणेरीने १७ साखळी सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. मैदान टायटन्सच्या घरचे होते.

बाजार मात्र लगेच शहाणा होत नाही. अकराव्या हंगामात देवांक दलालने पाटण्यासाठी चढाईचे ३०१ गुण मिळवले. अंतिम सामन्यात हरयाणाच्या बचावाने त्याला जखडले आणि पाटणा २३-३२ असा हरला. तरी पुढच्या लिलावात बंगाल वॉरियर्सने देवांकला २ कोटी २० लाख ५० हजारांना उचलले. त्याने गुण मिळवले. बंगाल बाद फेरीत पोहोचले नाही.

त्या उपविजेत्या पाटण्याचा उजवा कोपरा सांभाळत होता रत्नागिरी जिल्ह्यातला, चिपळूणकडचा शुभम शिंदे. गणपतीपुळ्याच्या आसपास सरावाला उतरणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना चढाईलाच जायचे असते. लिलावात ‘ड’ गटातल्या खेळाडूची मूळ किंमत ९ लाख रुपये आहे, मग तो चढाईपटू असो वा कोपरारक्षक.