आजार माझा, मोबाईल नंबर कुणाचा?

रिपोर्टची पिशवी आपल्याकडे घरोघरी असते. बहुतेक वेळा साडीच्या दुकानातली, कपाटात कपड्यांच्या मागे नाहीतर फ्रीजवर ठेवलेली. तिच्यात सासूबाईंच्या साखरेच्या तपासण्या, यजमानांचा ईसीजी, मुलांची लसीची कार्डं आणि सगळ्यात तळाशी आपली जुनी सोनोग्राफी. डॉक्टरांनी ‘मागचा रिपोर्ट आणलाय का?’ असं विचारलं की नेमका तोच सापडत नाही. मग पुन्हा रक्त द्या, पुन्हा पैसे भरा. म्हणूनच आता दवाखान्यात सगळं कॉम्प्युटरवर येणार, चौदा आकडी ‘आभा’ नंबर सांगितला की जुने कागद डॉक्टरांना समोर दिसणार, हे ऐकून बऱ्याच जणींना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

पण मैत्रिणींनो, केसपेपरच्या खिडकीवर आपल्याला एक साधा प्रश्न विचारतात. ‘मोबाईल नंबर सांगा.’ आणि आपल्यातली एखादी मागे वळून म्हणते, ‘अहो, तुमचा नंबर सांगा ना!’ आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे.

हे वाक्य बाई उगाच म्हणत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरते असा मोबाईल देशातल्या सुमारे ५४ टक्के महिलांकडेच होता. खेडोपाडी तर निम्म्याहूनही कमी जणींकडे. करोनाच्या लसीची नोंदणीही घराघरांत एकाच नंबरवर झाली होती, आठवतंय ना? ‘कोविन’वर एका नंबरवर आधी चार आणि २०२२पासून सहा माणसांची नावं घालता येत होती. घरात फोन एक, त्यामुळे सगळ्यांचा नंबर तोच, ही आपली रीतच आहे.

पूर्वी त्यानं काही बिघडत नव्हतं. फार तर ‘तुमचा चष्मा तयार आहे’ असा निरोप यायचा. आता मात्र त्या नंबरवर बरंच काही येतं. रक्ताचा, लघवीचा रिपोर्ट येतो. पुढच्या तपासणीची तारीख येते. सरकारच्या ‘किलकारी’ योजनेत नोंद असेल, तर चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला आईसाठी फोन येतो, तोही त्याच नंबरवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओटीपी येतो. खिडकीवरचा मुलगा म्हणतो, ‘आलेला नंबर सांगा.’ यजमान सांगतात. झालं काम. पण ते आकडे सांगणं म्हणजे ‘माझी माहिती वापरायला माझी हरकत नाही’ असं म्हणणं असतं. पूर्वी सहीची जी किंमत होती, ती आता या आकड्यांना आली आहे. माहिती बायकोची, आणि सही नवऱ्याची. जमिनीच्या कागदावर आपण असं चालवून घेतलं असतं का?

माझ्या ओळखीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. लग्नाला दोन-अडीच वर्षं झालेली. दिवस राहत नव्हते म्हणून नवरा-बायको तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेले. गाडी दिराची, त्यामुळे नावनोंदणीही त्यानंच केली आणि सवयीनं स्वतःचा नंबर दिला. तिसऱ्या दिवशी तपासण्यांचे रिपोर्ट दिराच्या व्हॉट्सॲपवर आले. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं बायकोला दाखवले, तिनं सासूला सांगितलं. त्या रिपोर्टमध्ये घाबरण्यासारखं काही नव्हतं, साध्या औषधानं काम होईल असं डॉक्टर म्हणणार होते. पण डॉक्टरांनी काही म्हणायच्या आतच घरात निकाल लागला होता, ‘दोष हिच्यातच आहे.’ ती मुलगी त्यानंतर सहा-सात महिने दवाखान्याची पायरी चढली नाही. यात कुणी चोरी केली नाही, कुणी कॉम्प्युटर फोडला नाही. एक नंबर चुकीच्या जागी लिहिला गेला, एवढंच.

याला कुणी ‘प्रायव्हसीचं शहरी खूळ’ म्हणेल. मला तसं वाटत नाही. छोट्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, म्हणून इथं गुप्तता जास्तच लागते. मुंबईत लॅबमधल्या मुलाला आपलं नावही माहीत नसतं. इथं तो आपल्या पुतण्याचा मित्र असतो! आपल्या ओपीडीचं दार सताड उघडं असतं, एक बाई तपासायच्या टेबलावर आणि दोघी नंबर लावून दारातच उभ्या. कंपाउंडर बाहेरूनच ओरडून विचारतो, ‘पाळी कधी आली होती?’ मग पांढरं जातंय, लघवीला जळजळ होतेय, छातीत गाठ लागतेय, हे बाई सांगते तरी कशाला? ‘अंगात कसकस आहे’ म्हणून गोळ्या घेऊन घरी येते. ही आपली उघड्या दाराची सवय कॉम्प्युटरमध्ये शिरली, तर तो बिचारा काय करणार? त्याच्यामुळे तेच दार आणखी दहा ठिकाणी उघडतं.

मग नोंदी ठेवूच नयेत का? असं मी मुळीच म्हणणार नाही. नोंदीनं बायकांचं भलं झाल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

२००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली उरल्या होत्या. सुबत्तेचा, साखरेचा जिल्हा, आणि मुली मात्र पोटातच मारलेल्या. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी तिथल्या सोनोग्राफी मशीनना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं यंत्र बसवायला लावलं. मशीनवर दिसणारं प्रत्येक चित्र त्यात साठून राहायचं. शिवाय गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा ‘एफ’ फॉर्म ऑनलाइन भरायचा. डॉक्टरांची संघटना याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्यांच्या मुद्द्यांत एक मुद्दा हाच होता, की यामुळे पेशंटची गुप्तता मोडते.

२०११मध्ये न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. निकालातलं कारण बघण्यासारखं आहे. ती चित्रं कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, मशीनलाच राहतात. अधिकाऱ्यानं मागितल्यावरच ती उघडायची आणि उघडताना तिथले डॉक्टर हजर असायला हवेत. म्हणजे माहिती कुठं ठेवायची, कुणी उघडायची आणि कशासाठी, ही तिन्ही उत्तरं तिथं ठरलेली होती. मला वाटतं, आपल्याला दुसरी कसोटी शोधायची गरजच नाही. आपली माहिती कुणीही मागितली की हेच तीन प्रश्न विचारावेत.

आणि कोल्हापुरात नजर कुणावर होती, तेही लक्षात घ्या. नजर मशीनवर होती, ते चालवणाऱ्यावर होती. तीच नजर बाईकडे वळायला वेळ लागत नाही. २०१६मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी एक कल्पना मांडली होती. गर्भाचं लिंग सगळ्यांनाच सांगून टाकावं, त्याची नोंद करावी आणि मग त्या बाईचं बाळंतपण होईपर्यंत लक्ष ठेवावं. त्यावर बराच विरोध झाला आणि तो योग्यच होता. घरात मुलगाच हवा म्हणून जिच्यावर जोर चाललाय, तिच्याच मागं सरकारी वहीही लावायची, हा कुठला न्याय?

दुसरं उदाहरण बीडचं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जाताहेत, हे २०१९मध्ये राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या साडेतेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. ही मोजणी झाली नसती, तर या बायकांचं दुखणं त्यांच्या कोपीतच राहिलं असतं. पण गंमत बघा, हा आकडा कळायला आपल्याला एकाही बाईचं नाव कळावं लागलं नाही. आकड्यांवर योजना आखता येते, तिथं नाव लागत नाही. नाव लागतं ते डॉक्टरांना औषध देण्यापुरतं. गावातल्या ‘जोखमीच्या माता’ असं लिहून नावानिशी यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली जाते, तेव्हा नेमका हाच फरक विसरला जातो. त्यात आशाताईंचा दोष मी काढणार नाही. वरून ‘लगेच पाठवा’ म्हणून निरोप येतो, त्या पाठवतात.

कॉम्प्युटर म्हणजे काही लोखंडी तिजोरी नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवं. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयाच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि जवळजवळ दोन आठवडे तिथले लोक केसपेपर हातानं लिहीत होते. तिथं हे होतं, तर आपल्या तालुक्यातल्या लॅबचं काय? तिथला पासवर्ड तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनलाच चिठ्ठीवर चिकटवलेला असतो.

कायदा मात्र आपल्या बाजूनं आहे, आणि तो बऱ्याच जणींना माहीतच नसतो. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव किंवा माहिती डॉक्टरांनी कायद्यानं ज्याला अधिकार नाही अशा कुणालाही सांगितली, तर २०२१च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. एचआयव्हीबद्दलच्या २०१७च्या कायद्यातही गुप्ततेची सक्ती आहे. आणि २०२३मध्ये आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं सांगितलंय, की संमती मोकळेपणानं आणि समजून दिलेली हवी, ती परत घेता यायला हवी आणि माहिती कशासाठी घेतोय ते मराठीतूनही सांगण्याची सोय हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं ठेवली आहे. अपघात, तातडीचं ऑपरेशन अशा वेळी संमतीसाठी अडून बसायचं नाही, हीही त्यात तरतूद आहे, आणि ते बरोबरच आहे.

‘आभा’बद्दलही एक-दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. ते काढणं ऐच्छिक आहे. करोनाच्या काळात आधार दाखवून लस घेतलेल्या कित्येकांचा हा नंबर त्यांच्या नकळतच तयार झाला, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तुमचाही असेल, तर घाबरू नका. आखणीप्रमाणे आपले रिपोर्ट एका मोठ्या सरकारी कपाटात गोळा होत नाहीत, जिथे तपासणी झाली तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते दिसायला आपली परवानगी लागते, ती ठरावीक मुदतीसाठी देता येते आणि काढूनही घेता येते. व्यवस्था चांगलीच आहे. पण ती परवानगी ज्या फोनवर मागितली जाते, तो फोन कुणाच्या खिशात आहे, यावर सगळं येऊन थांबतं.

मग आपण काय करायचं? मी स्वतः पाळते त्या गोष्टी सांगते.

स्वतःचा फोन असेल, तर नंबर स्वतःचाच द्यायचा. तो आधारला आणि आभाला जोडलाय का, तेही एकदा बघून घ्यायचं. फोन नसेल, तर ज्या माणसावर आपला विश्वास आहे त्याचा नंबर आपण निवडून द्यायचा. आईचा, बहिणीचा, अगदी नवऱ्याचाही चालेल, फक्त निवड आपली असावी. लॅबमध्ये स्पष्ट सांगायचं, ‘रिपोर्ट फोनवर पाठवू नका, मी कागद न्यायला येईन.’ ओटीपी सांगण्याआधी ‘हा कशासाठी?’ एवढं विचारायचं. खिडकीवरचा मुलगा थोडा वैतागेल, मागची रांग कुरकुर करेल. करू दे. तपासणीच्या खोलीत ‘दार जरा लोटून घ्या’ म्हणायचं. आणि दवाखान्यात दाखल होऊन आलो असू, तर कागदांची प्रत मागायची. मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी, असा डॉक्टरांसाठी २००२चा नियमच आहे.

हे सगळं नवऱ्यापासून चोरून ठेवायला सांगतेय, असं कृपा करून समजू नका. ज्या घरात मोकळेपणा आहे, तिथं बाई स्वतःच रिपोर्ट उघडून नवऱ्यासमोर ठेवते. पण आधी तिनं तो वाचलेला असावा, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारलेले असावेत आणि मग तिच्या तोंडून तो घरात कळावा, एवढीच अपेक्षा आहे. दुखणं सहन करायची वेळ येते, तेव्हा ते आपलं एकटीचं असतं ना? मग ते कुणाला, कधी आणि कसं सांगायचं, हे तरी आपल्याला ठरवू द्या.

पुढच्या वेळी खिडकीवर ‘मोबाईल नंबर?’ असं विचारलं, की मागं वळून बघू नका. आपला दहा आकडी नंबर पाठ करून ठेवा. नाहीतर ब्लाउजमधल्या छोट्या पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवा. आणि तुमच्या मागं रांगेत उभी असलेली बाई नंबरसाठी इकडंतिकडं बघायला लागली, तर तिला हळूच विचारा, ‘ताई, तुमचा स्वतःचा आहे का?’