हप्ता म्हणजे तिसरी चढाई

मागच्या आठवड्यात दुकानात गावातलाच एक मुलगा आला. रोज उंबरमाळीहून लोकल पकडून आसनगावला कंपनीत जातो. म्हणाला, "दादा, नोकरी सोडू का? हायवेला गाळा बघितलाय. तुमच्यासारखंच ताडपत्री, रेनकोट, चपला. मुद्राचं चार लाखांचं लोन होतंय." हिशेबही करून आणला होता. पण सगळा हिशेब माझ्या दुकानातली जूनची गर्दी बघून केलेला. ती गर्दी त्याने बारा महिने धरली होती.

पोरगं गावच्या संघातून चढाई करतं, म्हणून त्याला कबड्डीतच सांगितलं. तेच तुम्हालाही सांगतो.

सिद्धार्थ देसाई माहीत असेलच. कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका, हुंदळेवाडीचा. २०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पहिलाच मोसम, आणि पठ्ठ्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण काढले! पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले, त्या लिलावातला सगळ्यात मोठा आकडा. २०२१ ला १.३० कोटी. मग दुखापत झाली, मोसमातले बहुतेक सामने हातचे गेले. २०२२ ला त्याच टायटन्सने त्याला घेतलं ते २० लाखांना. २०२३ ला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी दिले. २०२४ ला भाव पुन्हा खाली.

माणूस तोच, उंची तीच, हाताची झेप तीच. १.३० कोटींचे २० लाख झाले म्हणजे तो एका वर्षात सहापट कच्चा झाला का? अजिबात नाही. भाव बाजाराने ठरवला, खांद्या-गुडघ्याने ठरवला, कोणत्या संघाच्या खिशात किती उरलेत त्याने ठरवला. आता मला सांगा, १.४५ कोटींच्या वर्षी कोणी दर महिन्याचा खर्च त्या आकड्यावर बांधला, तर २० लाखांच्या वर्षी त्याचं काय होईल?

अमेरिकेत कॉलेजचं फुटबॉल आपल्या क्रिकेटसारखं बघतात. त्यात रनिंग बॅक म्हणून एक जागा असते. चेंडू काखेत धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. आपला चढाईपटूच म्हणा, फक्त डोक्यात हेल्मेट. मार्कस लॅटिमोर नावाचा पोरगा २०१० मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठाकडून पहिल्याच वर्षी गाजला. २०११ ला डावा गुडघा गेला, २०१२ ला उजवा. तरी २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याला चौथ्या फेरीत निवडलं. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने खेळ सोडला, व्यावसायिक लीगचा एकही सामना न खेळता. म्हणजे त्याचा चांगला मोसम कॉलेजात असतानाच होऊन गेला, आणि तेव्हा कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे कमवायची परवानगी नव्हती. स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याची मोकळीक त्या पोरांना जुलै २०२१ पासून मिळाली.

आता मूळ मुद्दा. कबड्डीत दरवेळी गुण आणावाच लागतो असं नाही. ३० सेकंदांत निदान रेषा ओलांडून परत आलात तर चढाई रिकामी, पण तुम्ही जिवंत. प्रो कबड्डीत मात्र संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. समोरच्या सातही जणांना हे माहीत असतं. ते निवांत थांबतात, तुम्हीच त्यांच्या अंगावर जाता.

हप्ता हेच करतो. हप्ता नसलेल्या दुकानाचा मंदीचा महिना म्हणजे रिकामी चढाई, परत आलो, बसलो. हप्ता असला की प्रत्येक महिना तिसरी चढाई. पाच तारखेला हप्ता असेल तर तीन तारखेला आलेलं गिऱ्हाईक भाव पाडून मागतं आणि आपण देतो. त्याला कसं कळतं देव जाणे, पण कळतं.

हे मी पुस्तकातून बोलत नाहीये. बीबीए केलंय, तरी एका वर्षी जूनमध्ये ताडपत्री अशी खपली की जुलैत मी दुसरा गाळा घेतला, तोही कर्जावर. ऑगस्टमध्ये लोकांची छपरं झाकून झाली होती. सप्टेंबरला भात शेतात उभं, ते कापून विकेपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात पैसा नाही, माझी उधारीची वही भरलेली, गल्ला रिकामा. गाळा सोडला, डिपॉझिटमधले काही गेले. घरी बायकोला सांगायला मला आठ दिवस लागले.

त्या मुलाच्या वहीत मग आम्ही दोघांनी मांडलं. चार लाख, पाच वर्षं, ११ टक्के धरले तर हप्ता जवळपास ८,७०० रुपये. गाळ्याचं भाडं ६,०००. मालावर १५ टक्के सुटतात असं धरा. म्हणजे फक्त या दोन गोष्टींसाठी महिन्याला ९८ हजारांची विक्री हवी. वीज, प्रवास, घरखर्च अजून यात नाहीच. जूनला ९८ हजार होतील, मी नाही म्हणत नाही. सप्टेंबरचं काय? शिवाय जून २०२५ पासून समृद्धी इगतपुरीपासून आमणेपर्यंत पूर्ण सुरू झालाय. कसाऱ्याच्या घाटातून येणाऱ्या गाड्यांवर भरवसा ठेवून गाळा घेणाऱ्याने आधी चार रविवार तिथे उभं राहून गाड्या मोजाव्यात.

काही ट्रेनर स्टेजवरून ओरडतात, नोकरी सोडा, बोटी जाळा. मला हे पटत नाही. आपल्याकडे लीग २०१४ ला आली. त्याआधी चांगल्या कबड्डीपटूचं स्वप्न काय असायचं? रेल्वे, पोलीस, बँक, एअर इंडिया. ती नोकरी म्हणजे भित्रेपणा नव्हता. ती होती म्हणून माणूस बिनधास्त सूर मारायचा. चढाई करूच नका असं मी म्हणत नाहीये, मध्यरेषेवर घुटमळणाऱ्यालाही गुण मिळत नाही. फक्त पहिली चढाई तिसरी करू नका.

मुलगा जरा नाराज झाला, खोटं कशाला सांगू. त्याला वाटलं मी स्पर्धक नको म्हणून अडवतोय. शेवटी ठरलं ते असं. मे-जूनचे सगळे रविवार स्टेशनबाहेर तो माझ्याकडचाच माल घाऊक भावाने घेऊन विकणार, उरलेला मी परत घेणार. नोकरी चालू. रोजचा गल्ला वहीत लिहायचा. पण वही जुलैत नाही, सप्टेंबरच्या शेवटी घेऊन यायची.