अनुभव मोजला, शिकवण्याच्या वेळेचे काय?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, भंडारा, बुलढाणा, जालना अशा जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. एमबीबीएसच्या ९०० जागा वाढल्या. इमारत आणि यंत्रे पैसा टाकला की उभी राहतात. शिकवणारा डॉक्टर तसा उभा राहत नाही. तो घडायला किती वेळ लागतो, ते आधी पाहू.

प्राध्यापकपदाची शिडी

एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे. एमडी किंवा एमएसची तीन. मग वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून एक वर्ष. एवढे झाले की सहायक प्राध्यापक होता येते. त्या पदावर चार वर्षे, दोन शोधनिबंध आणि अध्यापन व संशोधनाचे दोन मूलभूत कोर्स पूर्ण केले की सहयोगी प्राध्यापकपदाची पात्रता येते. आणखी तीन वर्षे आणि एकूण चार शोधनिबंध झाले की प्राध्यापकपदाची.

बेरीज केली तर कुठेही न अडखळता साडेसोळा वर्षे होतात. आणि ही झाली केवळ पात्रता. पद मंजूर आणि रिकामे नसेल, तर पात्र माणूसही आहे त्याच पायरीवर थांबतो.

२०२५ मध्ये काय बदलले?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम आणले. त्यातले प्रमुख बदल असे :

- २२० पेक्षा जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयाला अध्यापन संस्था म्हणून मान्यता मिळू शकते.
- तिथे दहा वर्षे काम केलेला पदव्युत्तर पदवीधारक तज्ज्ञ थेट सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. दोन वर्षांचा अनुभव असेल तर सहायक प्राध्यापक. वरिष्ठ निवासी पदाची अट नाही. मात्र संशोधनाचा मूलभूत कोर्स दोन वर्षांत पूर्ण करावा लागतो.
- शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनशास्त्राप्रमाणे आता सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्रातही एमएस्सी-पीएचडी झालेल्यांना शिकवता येते.

दार उघडले, ते बरेच झाले

सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, अडलेले बाळंतपण यांचा रोज सामना करणाऱ्या जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरकडे शिकवण्यासारखे खूप असते. निव्वळ शोधनिबंध नाहीत म्हणून त्याला वर्गाबाहेर ठेवणे शहाणपणाचे नव्हते. उलट, शिडीची एकेक पायरी चढून आलेल्या सहायक प्राध्यापकाला शेजारी थेट सहयोगी म्हणून आलेला सहकारी खटकला, तर तीही तक्रार रास्तच आहे.

पण खरा प्रश्न विद्यार्थ्याचा आहे. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू आहे. नुसते व्याख्यान देऊन तो पुरा होत नाही. छोट्या गटात, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून, प्रत्येक विद्यार्थ्याकडून कौशल्य करवून घ्यावे लागते. जो डॉक्टर सकाळी ओपीडी, दुपारी शस्त्रक्रिया आणि मध्येच कोर्टाची साक्ष सांभाळतो, त्याने हे कधी करायचे? त्याच्या दारावरची पाटी बदलली आणि कामाचा बोजा तेवढाच राहिला, तर महाविद्यालयाला अध्यापक मिळेल तो कागदावर.

म्हणून तीन गोष्टी हव्यात

पहिली, थेट नेमणुकीने आलेल्याला अध्यापनाचे प्रशिक्षण वर्गातल्या पहिल्या तासाआधीच द्यावे; ते नंतर सवडीने उरकायचे काम नव्हे. दुसरी, तो शिकवायला गेला की त्याची ओपीडी सांभाळणारा डॉक्टर मंजूर पदावर हवा. तिसरी, कंत्राटी नेमणुकांवर वर्षे ढकलू नयेत. पदे नियमित भरावीत आणि पात्र झालेल्याला पदोन्नती त्याच वर्षी मिळावी. पुढची पायरी कधी येणार हेच ठाऊक नसेल, तर तरुण डॉक्टर खासगी रुग्णालयाची वाट धरतो. त्याला दोष कसा देणार?

नियमांनी अध्यापकांची संख्या वाढवण्याची सोय केली. त्यांना शिकवायला वेळ देणे हे राज्य सरकारचे काम. ते झाले नाही तर त्याची किंमत विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर दिसणार नाही. काही वर्षांनी तो ज्याच्या नाडीवर हात ठेवेल, त्या रुग्णाला ती मोजावी लागेल.