डोंगरातली सायकल : शर्यतीची की औताची?

जुन्नर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. धाकटा मुलगा चाकणला कारखान्यात नोकरीला आहे. तीन वर्षे पोटाला चिमटा घेऊन त्याने दोन लाख रुपये साठवले आणि आता म्हणतो, डोंगरात चालवायची सायकल घेणार. वडिलांनी बोलणेच टाकले आहे. विहिरीवरची मोटर दोनदा जळाली, ठिबकाच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या, आणि पोरगा सायकलीत दोन लाख घालतो! पोराच्या मनात होती 'एन्ड्युरो' नावाची सायकल. तेवढ्यात एक ओळखीचा माणूस वापरलेली 'डाउनहिल' निम्म्या किमतीत द्यायला निघाला आहे. बाई विचारतात, "दोन्ही फोटोत सारख्याच दिसतात. मग स्वस्तातली का घेऊ नये? आणि पोर हातपाय मोडून तर घेणार नाही ना?"

पैसे त्याच्या घामाचे आहेत, आणि बापलेकाच्या अबोल्यात तिऱ्हाइताने पडू नये. पण ती निम्म्या किमतीची गोष्ट वाचली आणि या वेळचा विषय ठरला. एक लाख वाचवायला जावे आणि उरलेला एक लाख पाण्यात जावा, असा हा मामला आहे.

जुन्नर, आंबेगाव, खेडकडच्या वाचकांना फार फोड करून सांगायला नको. शर्यतीचा बैल तुम्ही टेम्पोत घालून घाटावर नेता. तो दहा-पंधरा सेकंद जीव तोडून पळतो, भंडारा उधळला जातो, आणि स्वारी पुन्हा टेम्पोत बसून घरी येते. त्याला औताला कोणी जुंपत नाही. जुंपला तर बैलही जाईल आणि औतही. औताच्या बैलाचे काम वेगळे. तो सकाळी शिवारात जातो, उन्हे उतरेपर्यंत ओढतो आणि संध्याकाळी आपल्या पायाने गोठ्यात येतो. डाउनहिल सायकल म्हणजे हा शर्यतीचा बैल. एन्ड्युरो म्हणजे औत ओढून झाल्यावर सुद्धा घाटात बऱ्यापैकी पळू शकेल असा बैल. असा बैल खऱ्या गोठ्यात सापडत नाही, सायकलीत मात्र सापडतो.

या सायकलींचा उगम ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन परगण्यात काही हौशी तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलायचे आणि डोंगरातल्या कच्च्या वाटेने खाली सोडायचे. वर न्यायच्या त्या ट्रकमध्ये घालून. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी रीतसर शर्यत लावली. दोन मैलांच्या वाटेत सुमारे १,३०० फुटांचा उतार. ब्रेक कसले, तर पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या तुंब्यात लागणारे. ते इतके तापायचे की तुंब्यातले ग्रीस धूर होऊन उडून जायचे, आणि प्रत्येक खेपेनंतर तुंबा खोलून नवे ग्रीस भरावे लागायचे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या वाटेचे नाव 'रिपॅक' पडले. त्यांच्यातल्या जो ब्रीझ याने १९७७ साली खास या कामासाठी नवी चौकट बांधली. आज दुकानात दिसणाऱ्या माउंटन बाइकची ती आजी म्हणा. सांगायचा मुद्दा एवढाच की सायकल वर कोणीतरी पोचवायची आणि आपण फक्त खाली यायचे, ही डाउनहिलची रीत पहिल्या दिवसापासूनची आहे.

पुढे हा खेळ मोठा झाला. १९९० साली अमेरिकेतच कोलोरॅडोमधल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीत डाउनहिल होते. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमची वाट प्रसिद्ध आहे. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबी आणि साडेपाचशे मीटर उतार. अव्वल खेळाडू ती पाच मिनिटांच्या आत उतरतो. पण तो वर चढतो कसा? पाळण्यात बसून. तिथे दोरावर चालणारे पाळणे आहेत, त्यांतून सायकलही वर जाते. कॅनडातल्या व्हिसलरला बर्फावरून घसरण्यासाठी बांधलेले खुर्च्यांचे झुले उन्हाळ्यात सायकली वर नेतात. अशा ठिकाणी माणूस दिवसात दहा-बारा वेळा खाली येतो. तिथे डाउनहिल शोभते.

एन्ड्युरोची शर्यत निराळी. दिवसभरात चार-सहा उतार ठरवून दिलेले असतात, घड्याळ फक्त त्या उतारांपुरते चालते. एका उतारावरून दुसऱ्याच्या माथ्यावर मात्र बहुधा स्वतःच्या पायांनी जायचे. त्या चढणीला घड्याळ नाही, पण ठरल्या वेळेत पोचला नाहीत तर दंड. मोटारींची रॅली असते ना, साधारण तशी मांडणी. २०१३ साली या शर्यतींची जागतिक मालिका सुरू झाली, पहिली फेरी इटलीत पुंता आला इथे. २०२३ पासून तिला विश्वचषकाचा दर्जा मिळाला. या खेळाने कारखानदारांपुढे कोडे टाकले : उतरताना डाउनहिलसारखी, चढताना साध्या सायकलीसारखी अशी वस्तू द्या. ते त्यांनी बरेचसे सोडवले आहे.

सोडवले ते कशात, हे मुलाकडून समजून घ्या. दोन्हींच्या वजनात आता फार अंतर उरलेले नाही. एन्ड्युरो पंधरा-सोळा किलोची, डाउनहिल सोळा-अठराची. खरा फरक दातांत आहे. एन्ड्युरोला मागे बारा चकत्या असतात आणि सर्वांत मोठीला ५० ते ५२ दात. पुढे ३२ दातांची चकती धरली तर पायडलच्या एका फेरीत सायकल दीड मीटरसुद्धा पुढे जात नाही. हळू जाते, पण उभ्या चढाला मांडीवर ओझे येत नाही. डाउनहिलला मागे सातच चकत्या, मोठ्यात मोठी २४-२५ दातांची. एका फेरीत सायकल साडेतीन मीटरच्या आसपास जाते. आपली जुनी काळी सायकल पाच मीटरच्या पुढे जाते, म्हणजे त्या मानाने हे हलकेच, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण काळ्या सायकलीवर बसून घाट कोण चढतो? सगळे उतरून ढकलतात.

दुसरी गोष्ट सीटची. एन्ड्युरोच्या सीटखालची नळी हँडलवरच्या एका कळीने वरखाली होते. चढताना सीट वर घ्यायची म्हणजे पाय पूर्ण सुटतो, उतरताना खाली घालवायची म्हणजे अंग मोकळे हलते. डाउनहिलची सीट कायमची खाली. ती बसण्यासाठी नसतेच मुळी, उभ्याने उतरताना गुडघ्यांनी धरण्यासाठी असते. तिच्यावर बसून चार किलोमीटर पायडल मारून पाहा, गुडघे दोन दिवस बोलतील.

आता मुलगा म्हणेल, "मग डाउनहिललाच मोठ्या चकत्या आणि वरखाली होणारी सीट बसवू." मेकॅनिकही म्हणेल, हो हो, बसवू. ऐकू नका. डाउनहिलचा मागचा तुंबा बहुधा १५७ मिलिमीटर रुंद, एन्ड्युरोचा १४८. एकाचे चाक दुसऱ्याला चालत नाही. चौकटच अशी बांधलेली असते की सीट उंच केली तर माणूस मागच्या चाकावर जाऊन बसतो आणि चढणीला पुढचे चाक उचलले जाते. खर्च करत जाल आणि शेवटी हाती ना शर्यतीचा राहील ना औताचा.

शॉकअपचेही सांगितले पाहिजे, कारण पोरे त्याच्यावरच भुलतात. डाउनहिलचा शॉकअप २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर दबतो, आणि पुढचा फोर्क मोटरसायकलसारखा वरपर्यंत दुहेरी पकडलेला असतो. एन्ड्युरोचा १६० ते १८० दबतो. वीस ते चाळीस मिलिमीटरचा हा फरक दगडांच्या राशीवरून ताशी पन्नासच्या वेगाने येणाऱ्याला कळतो. आपल्या सह्याद्रीतल्या पायवाटेवर तो वेग गाठायला जागाच नाही. आपल्या वाटा माणसांनी आणि गुरांनी पाडलेल्या. चार पावले सरळ, मग काटकोनात वळण. तिथे डाउनहिलची लांबलचक चौकट वळता वळत नाही, उचलून फिरवावी लागते. शिवाय उन्हाळ्यात काळ्या कातळावर सुटा मुरूम म्हणजे जात्याखालचे हरभरे, आणि पावसाळ्यात कोकणच्या बाजूला जांभ्यावर शेवाळ. इथे शॉकअपपेक्षा टायर आणि ब्रेक कामाला येतात.

मुख्य म्हणजे आपल्याकडे वर नेणार कोण? रायगडावर रोपवे आहे, सप्तशृंगीला रुळावरची गाडी आहे, पण त्या भाविकांसाठी आणि प्रवाशांसाठी. सायकल घालून दिवसाला दहा खेपा मारायला नव्हेत. राहता राहिली पिकअप. घाटमाथ्यापर्यंत डांबरी रस्ता असेल तर चार मित्रांनी मिळून सायकली वर न्याव्यात, एकाने गाडी खाली आणावी. हे होऊ शकते, रिपॅकवाल्यांनी तेच केले. पण दर रविवारचे डिझेल आणि दर रविवारी गाडी चालवायला तयार असलेला पाचवा मित्र, ही दोन्ही धरून हिशेब करा. डाउनहिल निम्म्या किमतीत का मिळते आहे, त्याचे उत्तर मला तरी त्यातच दिसते. घेतलेल्याला ती वापरता आली नसावी.

म्हणून पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. डाउनहिल घेऊ नये. चकटफू मिळाली तरी विचार करावा.

मग एन्ड्युरोच घ्यावी का? मुलगा दोन-चार वर्षे डोंगरात सायकल चालवत असेल, चढणीला दमत नसेल आणि उतारावर हातातली सायकल खरोखर कमी पडत असेल, तर घ्यावी. दोन लाखांत नवी चांगली एन्ड्युरो मिळणे अवघडच, बऱ्याच वर जातात, हे मात्र आधी ध्यानात धरावे. पण पत्रावरून वाटते की त्याच्याकडे सध्या साधी गिअरची सायकल आहे. तसे असेल तर तिसरी वाट आहे. फक्त पुढे १२० ते १४० मिलिमीटर दबणारा शॉकअप, मागे काही नाही, दोन्हीकडे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक आणि वरखाली होणारी सीट. लाखाच्या आत बरी मिळते. मागे शॉकअप नाही म्हणजे त्याचे सांधे नाहीत, बेअरिंग नाहीत, धुळीने खाण्यासारखे काही नाही. आणि मागचे चाक उडू लागले की माणूस वाट बघून चालवायला शिकतो. (उरलेल्या पैशांत एका मोटरीचे वायंडिंग सहज होते, पण हे मी म्हटले असे घरी सांगू नका.)

हातपाय मोडण्याचे विचाराल, तर मोडतात. नाही म्हटले तर खोटे होईल. उतारावर पडणारा माणूस खांद्यावर, मनगटावर आणि तोंडावर पडतो. हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड ही खरेदी सायकलीच्या आधीची. एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा डोक्यावर घालू नये, आतला थर दबलेला असतो. एकट्याने जाऊ नये. गडाच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवू नये, आणि अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय शिरू नये. आणि हे तुम्हाला वेगळे सांगायला नको, पण शहरातून येणाऱ्या त्याच्या मित्रांना सांगा : भाताच्या खाचराचा बांध म्हणजे पायवाट नव्हे. एका चाकाची चाकोरी पडली की पहिल्या जोरदार पावसात बांध तिथूनच फुटतो.

वापरलेली घ्यायचे ठरले, मग ती कोणतीही असो, तर धुवून पुसून मगच बघावी. हँडलची नळी जिथे चौकटीला मिळते ते जोड, पायडलच्या वरचे जोड आणि मागच्या दांड्या यांवर केसाएवढी भेग दिसली तरी हात जोडून परत यावे. शॉकअपच्या चकचकीत नळीवरून नख फिरवावे. नख अडले तर तिथून तेल गळणार. मागचे चाक धरून आडवे हलवावे, खटखट वाजले तर सांध्यांची बेअरिंग गेली. चौकटीखालचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवावा.

काट्यांची काळजी फारशी नको. वेड्या बाभळीचा आणि बोराटीचा काटा ट्यूबला काळ असतो, पण या टायरांत ट्यूब न घालता आत पातळ चिकट द्रव घालतात, तो बारीक भोक आतूनच बुजवतो. आपल्या उन्हात तो काही महिन्यांत सुकतो, तेव्हा वरचेवर बघून पुन्हा घालावा. शॉकअप हवेचा असेल तर त्यात चाकाचा पंप चालत नाही, बारीक जोराचा वेगळा पंप लागतो. मुलाने नेहमीच्या कपड्यांत, पाठीवर पिशवी घेऊन सायकलीवर उभे राहावे. मागचा शॉकअप पूर्ण दबण्याच्या तिसऱ्या हिश्शाला थोडा कमी एवढा बसला म्हणजे हवा बरोबर.

आणि ब्रेकचे तेल. गावात ब्रेक मऊ लागला की मेकॅनिक मोटरसायकलच्या ब्रेकचे तेल ओततो. पुष्कळ सायकलींचे ब्रेक मिनरल तेलावर चालतात, त्यांत मोटरसायकलचे तेल गेले की आतली रबरे फुगतात आणि ब्रेक ऐन उतारावर सोडून देतो. काही ब्रेकना उलट मोटरसायकलसारखेच तेल लागते, त्यांत मिनरल चालत नाही. कोणते घालायचे ते ब्रेकच्या टाकीच्या झाकणावर छापलेले असते. सायकल घरी आली की पहिल्या दिवशी ते वाचावे, आणि पावसाळ्याआधी एक बाटली आणून घरात ठेवावी.