अनुभव आम्हीच विकत घ्यायचा?

एक नवा शब्द बाजारात आलाय. एम्प्लॉयेबिलिटी. म्हणजे नोकरीला लावण्याजोगं असणं. विलायतेतल्या बहुतेक विद्यापीठांत आता ह्या कामासाठी एक स्वतंत्र खातं असतं. त्या खात्यातली गोड बोलणारी माणसं बाहेरदेशातून आलेल्या पोरापोरींना शिकवतात : बायोडाटा दोन पानांत बसव, मुलाखतीत डोळ्याला डोळा दे, हात मिळवताना ढिला सोडू नकोस, फावल्या वेळात काय करतोस ते हसत हसत सांग. फावला वेळ! शनिवार-रविवार गोदामात खोकी उचलून सोमवारी वर्गात पेंगणाऱ्या पोराला हे विचारतात. आणि त्या पोराला नोकरी मिळाली नाही की निदान तयारच असतं : ह्याच्यात स्किल कमी पडलं.

दोस्तहो, हे आपण ऐकलेलं आहे. गुणवत्ता नाही, लायकी नाही, अजून तयार नाहीत, हे इथं राखीव जागांच्या वेळी ऐकलं. तेच आता सुटाबुटात, थँक्यू म्हणत, पौंडात फी घेऊन ऐकवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की पोरात काही कमी नाही. कमी आहे ती वेळेची, पगारी कामाची आणि ओळखीची. ह्या तिन्ही गोष्टी हात मिळवायचा वर्ग घेऊन मिळत नाहीत.

आता कुणी म्हणेल पुरावा काय. पुरावा १९१७ सालचा आहे.

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक पोरगा न्यूयॉर्कला गेला. महिना साडेअकरा पौंड. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. चार वर्षांनी तो परतला तेव्हा कोलंबियाची एम.ए. खिशात, पीएच.डी.चा प्रबंध सादर झालेला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू होऊन करारापायी अर्धवट सोडलेला. सांगा, ह्याच्यात कुठलं स्किल कमी होतं? बडोद्यात अकाउंटंट जनरलच्या कचेरीत बसवलं तर शिपाई फायली लांबून फेकायचे. राहायला खोली कुणी देईना. पारशी असल्याचं भासवून एका पारशी वसतिगृहात जागा मिळवली, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला घोळका दारात उभा. कमाठी बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. मुंबईत शेअरच्या व्यवहारांवर सल्ला द्यायचा धंदा काढला, तर सल्ला देणारा अस्पृश्य आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकं पळाली. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, तर तिथल्या काही प्राध्यापकांना माठातल्या पाण्याची काळजी.

बाबासाहेबांची ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो आणि रडतो. मी ती नोकरीची गोष्ट म्हणून सांगतोय. परदेशात शिकलेल्या त्या माणसाला बाजारानं अनुभव घेऊ दिला नाही. बाजार पदवी बघतो हे खरं, पण त्याआधी माणूस कुठला ते बघतो.

आता आजची विलायत बघू. आपली बरीच पोरं तिकडेच जातात, कारण मास्टर्स एका वर्षात उरकतं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी २००३ पासून चालू आहे, पंचाहत्तर जागांची. पंचाहत्तर! अख्ख्या महाराष्ट्रात. ज्यांना ती मिळत नाही ते कर्ज काढतात, आईचं गंठण मोडतात.

पोरगं सप्टेंबरात हीथ्रोला उतरतं. पहिला महिना खोली शोधण्यात, बँकेचं खातं उघडण्यात आणि थंडीशी ओळख करून घेण्यात जातो. नेमके त्याच महिन्यात तिथल्या मोठ्या कंपन्यांचे पदवीधर भरतीचे अर्ज चालू असतात. पुढच्या वर्षीच्या जागा, आणि त्यातल्या बऱ्याच नाताळच्या आत बंद. तिथल्या साहेबाच्या पोराला हे कॅलेंडर घरीच पाठ असतं. आपल्या पोराला ते कळतं फेब्रुवारीत, कँटीनमध्ये, दुसऱ्या कुणाला नोकरी लागल्याची बातमी ऐकताना. तोवर त्याची गाडी सुटलेली असते आणि करिअर खातं त्याला बायोडाट्याचा फाँट बदलायला सांगत असतं.

काम करायची मुभा आहे, नाही असं नाही. डिग्रीच्या विद्यार्थ्याला शिकण्याच्या दिवसांत आठवड्याला वीस तास. स्वतःचा धंदा करायचा नाही. वीस तासांत भाडं निघायला हवं, म्हणजे जे काम पटकन मिळतं ते धरायचं : हॉटेलचं मोरीकाम, गोदाम, म्हाताऱ्यांची शुश्रूषा. ह्या कामात कमीपणा नाही, आपल्या आयांनी ह्याहून जड कामं केलीत. पण डेटा सायन्स शिकणाऱ्याच्या कागदावर कंपनी ह्या कामाला अनुभव म्हणत नाही. म्हणजे जगण्यासाठी केलेलं काम अनुभवात धरायचं नाही, आणि अनुभव म्हणून जे धरतात त्यावर जगता येत नाही.

कारण तो ‘अनुभव’ पुष्कळदा फुकट असतो. ब्रिटनचा किमान वेतनाचा कायदा आहे, चांगला आहे. पण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वर्षाच्या आत संपणारी प्लेसमेंट असेल तर त्या विद्यार्थ्याला किमान वेतन द्यायचं बंधन नाही. मालकानं दिलं तर दिलं. लंडनमध्ये तीन महिने बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याचा बाप भाडं धाडतो तो. आमच्या आज्यांनी साहेबाच्या घोड्यापुढं फुकट धावायचं, मेलेली ढोरं फुकट ओढायची, त्याला वेठ म्हणायचे. महारवतनं कायद्यानं गेली १९५८ साली. ही इंग्रजी वेठ आहे, आणि ती करायला आधी फी भरून यावं लागतं.

पुढं घड्याळ. शिकून झाल्यावर राहून काम करायचं दार ब्रिटननं २०१२ साली बंद केलं, २०२१ च्या जुलैत दोन वर्षांपुरतं उघडलं, आणि १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीडच वर्ष ठरवलं. पीएच.डी.वाल्यांची तीन वर्षं तेवढी तशीच. त्यानंतर टिकायचं तर परवानाधारक मालक हवा आणि पगाराची अट पाळायला हवी. ती अट २०२४ च्या एप्रिलात २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली, २०२५ च्या जुलैत ४१,७०० वर. नुकत्याच शिकून निघालेल्याला सवलत, तरी ३३,४००. अंगात स्किल नाही म्हणता, आणि दर वर्षी उंबरा वर सरकवता!

राहिली ओळख. विलायतेत अर्धी नोकरी ‘अमक्यानं नाव सुचवलं’ ह्यावर चालते. आपलं पोरगं नाव सुचवणारा शोधायला कुठं जाणार? तिथल्या देशी माणसाकडे. देशी माणूस चहा पाजतो, गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, मग पुढं फोन उचलत नाही. ह्याला कायदा आहे का? २०१० च्या समानता कायद्यात जात घालायची सोय ठेवली, २०१३ साली संसदेनं ती घालाच असं सरकारला बजावलं, आणि २०१८ साली सरकारनं सांगितलं की नको, कोर्टाच्या निकालांवर भागेल. ते निकालही कसे? बिहारहून नेलेल्या एका आदिवासी बाईला मिल्टन किन्समध्ये तासाला अकरा पेन्सांवर राबवलं, तिला २०१५ साली लवादानं एक लाख ऐंशी हजारांवर पौंड मिळवून दिले. तिचा विजय मोठाच. पण न उचललेल्या फोनचा दावा कोण कुठल्या लवादात लावणार?

आपल्यातले काही क्रांतिकारक इथं नाक मुरडतील. म्हणतील, वस्तीत नळाला पाणी नाही आणि हा विलायतेतल्या नोकऱ्यांचं रडगाणं गातोय. बाबांनो, जो कर्जानं गेला तो रिकामा परत आला की सगळं घर वीस वर्षं हप्ते फेडतं. ते घर वस्तीतच आहे. आणि पोरींचं तर विचारूच नका. एक रिकामी परतली की मागच्या चारजणींना घरचे म्हणतात, काय दिवे लावले तिनं?

तेव्हा भीक नको, हिशेब हवा. समाजकल्याण खात्यानं शिष्यवृत्ती विमानाच्या तिकिटावर आणि फीवर संपवू नये. तिथल्या अनेक विद्यापीठांत प्लेसमेंटसह दोन वर्षांचं मास्टर्स असतं. ते दुसरं वर्ष शिष्यवृत्तीत स्पष्ट शब्दांत धरा. निवडयादी उन्हाळ्यातच लावा आणि पोरांना निघायच्या आधी भरतीचं कॅलेंडर व परवानाधारक मालकांची यादी हातात द्या. ती यादी ब्रिटिश सरकार जाहीरच करतं, गुपित नाही. प्रत्येक विद्यापीठाला विचारा की बाहेरदेशच्या किती पोरांना पगारी प्लेसमेंट दिलीत. आकडा देत नसतील तर आमचा पैसा तिकडं पाठवू नका.

आणि तिकडं बस्तान बसवलेल्या आपल्या माणसांना एक रोखठोक सांगणं आहे. भीमजयंतीला निळे फेटे बांधून फोटो धाडता, छान दिसता. पण गेल्या वर्षी आपल्या किती पोरांची नावं तुम्ही तुमच्या कंपनीत सुचवलीत? लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर, जिथं शिकत असताना बाबासाहेब राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. आता तिथं स्मारक आहे. त्या स्मारकात महिन्यातला एक शनिवार एक टेबल टाका. हिशेबनीस, इंजिनिअर, वकील, नर्स, जे असाल ते आळीपाळीनं बसा. नव्यानं आलेल्या पोराचा कागद वाचा, कुठल्या साहेबाला भेटायचं ते सांगा, आणि त्याच्यासमोर फोन लावा. पहिला शनिवार सप्टेंबरातला धरा, नाताळानंतरचा नको.